जवसाचे तेल आणि बोलेरोची काळी पट्टी

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान रणात पडला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले गेले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. या लढाईवर लिहिणाऱ्यांनी सरदारांची नावे, सैन्याच्या हालचाली सारे टिपून ठेवले. तोफगाडे आणि रसदीच्या बैलगाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या त्या सुतार, लोहार, चांभारांची दखल मात्र कोणी घेतली नाही. वाहन वापरायचे, त्याचे लाकूड-चामडे उन्हापावसात टिकवायचे आणि जुने झाले की पुन्हा उभे करायचे, ही विद्या या भागात शतकानुशतके होती. आज साखरखेर्डा, मेहकर, सिंदखेड राजा या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षांच्या बोलेरो, सुमो, कमांडर उभ्या दिसतात आणि त्यांतल्या ज्यांच्या अंगावर प्लास्टिक आहे त्यांचे काळे बंपर आणि दरवाज्याखालच्या पट्ट्या राखेसारख्या पांढुरक्या झालेल्या असतात. त्यावर डिझेल फासले जाते, जळके ऑइल फासले जाते, पंधरा दिवसांत ते उडते आणि पट्टी होती तशीच होते. माझे म्हणणे असे की हे अपयश प्लास्टिक नवे आहे म्हणून आलेले नाही. कुठल्या वस्तूला कोणते तेल द्यायचे, हे या भागाला पूर्वी पक्के ठाऊक होते. तो धागा मध्येच तुटला, म्हणून आले.

तेलांचे ते ज्ञान नेमके काय होते, हे आधी पाहू. बैलगाडीच्या आखाला लागे एरंडेल. चामड्याच्या मोटेला, वाद्यांना, जोड्यांना लागे एरंडेल किंवा करंजाचे तेल. लाकडाला, म्हणजे गाडीच्या साट्याला, दारे-चौकटींना, औतांच्या दांड्यांना लागे जवसाचे तेल. ही वाटणी जे हाताला लागेल ते वापरण्यातून झालेली नाही. एरंडेल आणि करंज ही न सुकणारी तेले आहेत. ती महिनोन्‌महिने ओली राहतात, म्हणून आखात घर्षण कमी करतात आणि चामड्याच्या तंतूंत शिरून ते लवचीक ठेवतात. जवसाचे तेल याच्या अगदी उलटे. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. ते हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. जवसाचे तेल वाळते तेव्हा त्याचे वजन कमी न होता वाढते, कारण ते उडून जात नाही, हवेतून काही घेऊन घट्ट होते. सुताराला प्राणवायूचा सिद्धांत माहीत असण्याची गरज नव्हती. आखाला जवस घातले तर चाक चिकटून बसेल आणि चौकटीला एरंडेल लावले तर वर्षभर त्यावर धूळ बसेल, एवढे त्याला पक्के कळत होते. काही तेल ओले राहण्यासाठी असते आणि काही वाळून कवच होण्यासाठी असते, या एका भेदावर सारी देखभाल उभी होती.

जवस या भूमीचेच पीक. वऱ्हाडच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत रब्बीला ते हरभऱ्या-गव्हाच्या जोडीने येई. एकोणिसाव्या शतकात या बियांना जगभरातून मागणी आली. १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने वाळवलेल्या जवसतेलापासून लिनोलियम ही फरशीवर अंथरायची वस्तू तयार केली. युरोपातला रंगाचा धंदा तर आधीपासूनच याच तेलावर चालत होता. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, १८७० साली जलंब–खामगाव ही शाखा सुरू झाली. कापसासाठी आलेल्या या वाटांनी वऱ्हाड-नागपूरचा जवसही मुंबई बंदराकडे निघाला. बी इथून गेले आणि त्याचे रंग-रोगण डब्यांत बंद होऊन परत आले. गावातल्या घाण्यावर निघणारे तेल हळूहळू ‘दुकानातल्या डब्यातले’ झाले. माझ्या मते ज्ञानाचा धागा सैल व्हायला इथेच सुरुवात झाली. तेल कशाचे आहे, ते का वाळते, हे डब्यावरच्या छापील नावामागे दडले. पुढे शेतीतही जवस मागे पडला आणि गेल्या तीन-चार दशकांत या पट्ट्यात सोयाबीनचे राज्य आले. आता जवस म्हटले की बहुतेकांना चटणी आठवते, तेल नाही.

मोटारी आल्यावरही जवसाची साथ सुटली नव्हती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. महिंद्र कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. ही जीप आणि पुढची कमांडरसारखी तिची भावंडे म्हणजे पत्रा, नळी आणि ताडपत्री. पत्र्याला शत्रू एकच, गंज. त्याच्यावर उपाय होता लाल ऑक्साइडचा अस्तर-रंग आणि वर तैलरंग, आणि हे दोन्ही बहुधा जवसासारख्या सुकणाऱ्या तेलांत कालवलेले असत. सुताराच्या चौकटीवर जे काम तेल एकटे करत होते, तेच काम पत्र्यावर ते रंगाच्या सोबतीने करू लागले. दक्षिण बुलढाण्याला या वाहनांची गरज इतर ठिकाणांहून जास्त होती. जिल्ह्याचा लोहमार्ग उत्तरेला, मलकापूर, नांदुरा, शेगावकडून जातो. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, चिखली हे तालुके रेल्वेविना राहिले, आणि खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. जिथे एसटी दिवसातून मोजक्या वेळा येई तिथे काळी-पिवळी जीप हीच बस होती. बाजारहाट, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड, कापसाचे गाठोडे, सारे तिच्यात मावे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तर खेड्यांची ने-आण बरीचशी याच गाड्यांवर येऊन पडली. पासिंगच्या आधी काळी-पिवळीला काळा आणि पिवळा रंग नव्याने मारला जाई. बुलढाण्याच्या एमएच २८ क्रमांकाच्या या गाड्यांची कातडी अशी वेळोवेळी नवी होत राहिली.

मग प्लास्टिक आले. इटलीत ज्युलिओ नत्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन घडवले आणि १९६३ साली त्यांना कार्ल झिग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७२ च्या रेनॉ ५ या मोटारीला पत्र्याऐवजी प्लास्टिकचे बंपर होते. हलके, न गंजणारे, ठोकर बसली तरी पोचा न पडणारे आणि रंगवावे न लागणारे हे सामान मोटारवाल्यांना आवडले नसते तरच नवल. आपल्याकडे १९९४ ची टाटा सुमो, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ या गाड्यांबरोबर न रंगवलेले प्लास्टिक खेड्यात आले: बंपर, आरशाचे कवच, चाकावरची कमान, दरवाज्याखालची पट्टी, काचेखालची वायपरची जाळी. २००६ च्या सुमारापासून जवळजवळ दहा वर्षे बोलेरो ही देशात सर्वांत जास्त खपणाऱ्या उपयुक्त वाहनांत अग्रभागी होती, आणि तिचा मोठा गिऱ्हाईकवर्ग गावांत होता. म्हणजे ज्या पट्ट्यात सूर्य मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात निरभ्र आकाशात थेट डोक्यावर येतो, जिथे बहुतेक गाड्यांना छप्पर नसते, तिथेच हे उघडे प्लास्टिक सर्वाधिक वर्षे उभे राहिले. मोटारींचे सामान उन्हात किती टिकते याच्या चाचण्या फार काळ अमेरिकेतल्या फ्लोरिडा आणि ॲरिझोना इथल्या मैदानांवर होत आल्या. ही दोन्ही ठिकाणे वीस अक्षांशावरच्या साखरखेर्ड्यापेक्षा बरीच उत्तरेला आहेत. पहिल्या धन्याकडे गाडी असेपर्यंत टिकेल इतके संरक्षक रसायन प्लास्टिकात घालणे कंपनीच्या हिशेबात बसते. दुसऱ्या-तिसऱ्या धन्याचे ऊन त्या हिशेबात धरलेले नसते. ‘देखभाल नको’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच होता की देखभाल शेवटच्या मालकावर ढकलली गेली आणि ती कशी करायची हे त्याला कोणी सांगितले नाही.

आता मूळ प्रश्न: काळे पांढरे का होते? सर्वसाधारण समज असा की काळा रंग उन्हाने उडतो. हा समज चुकीचा आहे आणि सारी चुकीची औषधे त्यातूनच जन्मतात. प्लास्टिकला काळे करणारे द्रव्य म्हणजे कार्बन, साधी काजळी. काजळी उन्हाने उडत नाही याचा पुरावा हवा असेल तर काजळी आणि डिंकाच्या शाईने लिहिलेली जुनी मोडी दप्तरे पाहावीत. दोन-तीनशे वर्षांनीही त्यांतली अक्षरे काळीभोर असतात. शिवाय प्लास्टिकला अतिनील किरणांपासून वाचवण्यासाठी जी द्रव्ये घालतात त्यांत काजळी हेच सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे. मग बिघडते काय? काजळीला धरून ठेवणारे पॉलिप्रॉपिलीन बिघडते. त्याच्या साखळीत प्रत्येक दुव्याशी एक हायड्रोजन असा बसलेला असतो की तो सहज सुटतो. किरण पडले, प्राणवायू शिरला की साखळी तिथून तुटते. लांब साखळ्यांचे तुकडे होतात, पृष्ठभाग आकसतो, त्यावर केसाहून बारीक भेगा पडतात आणि बळकटीसाठी मिसळलेली शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी पडते. या भेगांतल्या हवेवर प्रकाश विखुरतो, म्हणून पट्टी पांढरी दिसते. याची खातरजमा कोणीही करू शकेल. नंबरप्लेट काढली की तिच्याखालचे प्लास्टिक नव्यासारखे काळे निघते, म्हणजे दोष धुळीचा किंवा धुण्याचा नाही, उन्हाचा आहे. आणि पाऊस पडला की पांढरी पट्टी तेवढा वेळ पुन्हा काळी होते. रंग उडालाच असता तर पाण्याने तो परत कसा आला असता? पाणी भेगांत भरते, हवा बाहेर जाते, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि आतली काजळी पुन्हा दिसू लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गॅरेजच्या अनुभवातून: डिझेल किंवा जळके ऑइल लावले की पट्टी डोळ्यांदेखत काळी होते, मग ते चुकीचे कसे? होते हे खरेच आहे, आणि का होते हेही आता सांगता येते. प्लास्टिकमध्ये प्रकाश जितका वाकतो जवळजवळ तितकाच तो डिझेलमध्येही वाकतो, म्हणून भेगांत डिझेल भरले की पृष्ठभाग पाण्याने होतो त्याहूनही काळा दिसतो. पण डिझेल वाळून कवच होत नाही. थोडे उडून जाते, थोडे आत मुरून प्लास्टिक फुगवते, उरलेले ओले राहून रस्त्याची धूळ ओढते. समृद्धी महामार्गाच्या बांधकामाच्या काळात उडालेली आणि उन्हाळी वाऱ्याने उडणारी या भागातली धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. जळक्या ऑइलमध्ये तर इंजिनातली आम्ले आणि धातूचा भुगाही असतो, आणि ते हातालाही घातक. बुटाचे काळे पॉलिश मेणाचे, ते पहिल्या दोन पावसांत जाते. गरम हवेच्या बंदुकीने पट्टी शेकली की वरचा थर वितळून भेगा मिटतात आणि काळेपणा खरोखर परततो, पण प्लास्टिकात नवे संरक्षण काहीच पडत नाही, त्यामुळे पुढचे ऊन तेच काम पुन्हा करते आणि प्रत्येक शेकण्यागणिक पट्टी ठिसूळ होत जाते. थेट रंग मारणे हा मार्गही फसतो, कारण पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही. त्याला खास अस्तर लागते, नाहीतर वर्षभरात पापुद्रे सुटतात. या सगळ्यांत डिझेलची चूक मला सर्वांत बोलकी वाटते. आखाला देण्याजोगे तेल चौकटीला दिले तर जे व्हायचे, तेच इथे होते.

उलट जवसाचे तेल. तेही प्रकाशाला प्लास्टिकइतकेच वाकवते, म्हणून काळेपणा तितकाच येतो. फरक पुढचा आहे: ते भेगांतच वाळते आणि तिथेच राहते. रंगाच्या दुकानात उकळलेले जवसतेल बेलतेल म्हणून मिळते. त्यात सुकवणारी द्रव्ये असल्याने ते दिवस-दोन दिवसांत घट्ट होते. इथे दुसरा आक्षेप रास्त आहे: लाकूड तेल पिते, प्लास्टिक कसे पिणार? नव्या, गुळगुळीत प्लास्टिकवर ते धरणार नाही, हे मी मान्य करतो. तिथे ते नुसते चिकट राहील. पण उन्हाने फुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत राहिलेलाच नसतो. त्याच्या भेगा हेच तेलाला धरायचे ठिकाण. जो रोग पट्टी पांढरी करतो तोच तिला तेल पिण्यालायक बनवतो. बाजारात मिळणारी महागडी सिरॅमिक लेपने जवसापेक्षा जास्त टिकतात, यात शंका नाही, आणि ज्याला परवडतात त्याने ती वापरावीत. पण ती टिकतात त्याचे कारण पाहा: तीही पातळ रूपात भेगांत शिरतात आणि तिथे घट्ट होतात. जी सिलिकोनची चमकदार पातळ द्रव्ये घट्ट होत नाहीत, ती टिकत नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेतून आलेले उत्तरही सुताराच्याच नियमाने चालते. जवसाचा पापुद्रा काही वर्षांचा नसतो, काही महिन्यांचा असतो, आणि कालांतराने तो पिवळसर होतो. काळ्यावर ते पिवळेपण दिसत नाही, पांढऱ्या किंवा करड्या पट्टीवर दिसेल. म्हणून २००२ च्या स्कॉर्पिओच्या करड्या पट्ट्यांना हा उपाय मी सुचवणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पट्टी पांढरी झाली म्हणून गाडी थांबत नाही, आणि फारच झाले तर नवी पट्टी बसवावी. पहिल्या भागाला उत्तर असे की पांढरेपणा ही आतल्या तुटण्याची बाहेरची खूण आहे. भेगा खोल गेल्या की पट्टीच्या चिपा आणि खुंट्या मोडतात, वायपरखालची जाळी फुटते आणि पाणी-कचरा आत उतरतो. नव्या पट्टीबद्दल बोलायचे तर बोलेरोचे सामान सहज मिळते, पण सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, १९९३ च्या आर्मडाचे तर कधीच. जुन्या गाड्या भंगारात जातील असेही कोणी म्हणेल. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तरी गावोगावी या गाड्या नूतनीकरण करून चालवल्याच जातात, कारण नव्या गाडीची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. जी वस्तू आणखी दहा वर्षे चालवायची आहे तिच्या कातडीची काळजी घेणे ही चैन नव्हे.

एक आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. जुन्या सुतार-चांभारांच्या विद्येचे गोडवे गाताना ती विद्या बलुत्याच्या आणि जातीच्या चौकटीत बांधलेली होती हे विसरायचे का? विसरून चालणार नाही. मोटेला तेल देणाऱ्याला गावाने शिवून घेतले नाही, सुगीला मोजून धान्य दिले आणि त्याच्या कसबाला ज्ञान म्हटले नाही. त्यांच्या मुलांनी तो धंदा सोडला हे योग्यच झाले, आणि बलुते परत यावे असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. धागा तुटण्याचे मोठे कारण मात्र हेच आहे: ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही, आणि ज्यांनी पुढे गॅरेज उघडले ते पत्रा आणि इंजिन शिकले, तेल आणि लाकूड नाही. ती विद्या जातीतून सोडवून सगळ्यांच्या हाती देणे हेच तिला न्याय देणे आहे, आणि त्यासाठी ती आधी लिहून ठेवावी लागेल. मेहकर-चिखलीच्या बाजारपेठांत जुन्या औतांचे, गाड्यांचे काम केलेले हात अजून आहेत. कोणत्या लाकडाला कोणते तेल, किती वेळा, कोणत्या महिन्यात, हे त्यांच्याकडून टिपून घेण्याचे काम इथल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घ्यावे. १७२४ च्या लढाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आणि ज्यांच्या दारात पांढरी पडलेली बोलेरो उभी आहे त्यांच्यासाठी: पट्टी साबणाने आणि ब्रशने घासून धुवा, दिवसभर कोरडी होऊ द्या, सावलीत फडक्याने बेलतेलाचा अगदी पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून काढा आणि दोन दिवस धुळीच्या रस्त्यावर नेऊ नका. तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवा.